बाजू नसलेला सामना

तुमच्या गावात फुटबॉलचा सामना होतो, तेव्हा तुम्ही कुठे असता?

उत्तर घाईने देऊ नका. ‘आमच्याकडे होतच नाही’ असं म्हणणार असाल, तर आधी चौकशी करा. होत असतो. शाळेमागच्या मैदानावर, पोलिसांच्या कवायतीच्या मैदानावर, कुठेतरी होतच असतो. आमच्या नाशिकमध्ये मागच्या हिवाळ्यात दोन जिल्ह्यांचा सामना झाला. बघायला दोन्हीकडचे राखीव खेळाडू, मी आणि एक बर्फगोळेवाला. मध्यंतराला बर्फगोळेवालाही पलीकडच्या मैदानावर टेनिस बॉल क्रिकेटची स्पर्धा होती तिकडे गाडी ढकलत निघून गेला. बावीस माणसं घाम गाळत होती आणि कुंपणापलीकडे, एका षटकारावर, शिट्ट्यांचा पाऊस पडत होता.

मी घरी येऊन एक जळजळीत लेख लिहिला. आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. वडिलांच्या सायकलच्या कॅरिअरला कायम एक गठ्ठा बांधलेला असे. अन्याय दिसला की कागद काढायचा, हे मी बाराखडीबरोबर शिकले. लेख एका साप्ताहिकात छापून आला आणि आठवड्याने सुनंदाचा फोन आला. सुनंदा माझी कॉलेजातली मैत्रीण, आता कोल्हापूर जिल्ह्यात नेसरीच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका.

“रागवायचं पुरे झालं,” ती म्हणाली. “कोल्हापूरला ये. शनिवारी तुला गर्दी दाखवते. रविवारी माझ्या मुली दाखवते. जिल्ह्याची फायनल आहे, वारणानगरच्या मुलींबरोबर. आणि माझी गोलकीपर हातची चाललीय, ते बघायला तरी ये.”

गोलकीपरचं नाव मालन. तिच्या वडिलांनी सांगून टाकलं होतं की रविवारी आपण स्वतः येऊन बघणार. लोक बघायला येत असतील तर पोरीने खुशाल खेळावं. मोकळ्या मैदानात उड्या मारायच्या असतील तर त्या शेतातही मारता येतात. मग हा शेवटचा सामना.

मी पिशवी भरली.

पुण्यापर्यंत एस.टी. बरी चालली. कऱ्हाड ओलांडलं आणि उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवला. एकामागे एक, उसाने इतक्या लादलेल्या की मागून ट्रॅक्टर दिसतच नव्हता, नुसता हिरवा डोंगर हलत होता. आमचा चालक हॉर्न वाजवून थकला आणि शेवटी ट्रॉलीतून एक कांडं उपसून सोलत बसला. खिडकीतून गुऱ्हाळाचा वास आला, गरम, गोड, थोडा करपट. दोन तासांचा उशीर त्या वासात मला कळलाही नाही.

कोल्हापूरच्या स्टँडवर रिक्षात बसले आणि स्टेडियम म्हटलं.

“आज म्याच हाय,” रिक्षावाला म्हणाला. “दारापतूर न्हाय जाणार रिक्षा. माणूसच जाईना तितनं, तर रिक्षा कुठली?” मग मान वळवून त्याने विचारलं, “कुणाकडनं तुमी?”

“मी फुटबॉलकडून,” मी म्हणाले. मला वाटलं, छान उत्तर दिलं.

त्याने रिक्षा बाजूला घेतली, हसून घेतलं आणि मग पुन्हा गिअर टाकला. “तसं नसतंय हितं, ताई. पेठ लागती.”

गर्दी मी मोर्च्यांत पाहिली आहे. पण मोर्च्यातली गर्दी कुठेतरी निघालेली असते. ही गर्दी घट्ट बसलेली होती, आणि बसायला जागा नव्हती ती भिंतीवर होती, आजूबाजूच्या घरांच्या गच्चीवर होती, झाडावर होती. त्या दिवशी मंगळवार पेठेची एक तालीम आणि शिवाजी पेठेची एक तालीम समोरासमोर होत्या. (तालीम म्हणजे खरं तर कुस्तीचा आखाडा. पण इथे तालमीचे फुटबॉल संघ असतात, आणि माणूस जिथे जन्मला त्या तालमीचा मरेपर्यंत असतो. तालमींची नावं मुद्दाम लिहीत नाही. एकीचं आधी लिहिलं तर दुसरीची माणसं नाशिकला येतील.) दोन्हीकडे हलग्या कडाडत होत्या. शेंगदाणेवाला ओळीओळीतून माणसांच्या खांद्यांवर पाय देत फिरत होता आणि कुणी हरकत घेत नव्हतं.

सुनंदाने मला तिच्या मामांशेजारी बसवलं. शंकरतात्या, मंगळवार पेठ, जुने विंगर. गुडघे गेलेले, आवाज शाबूत. मी त्यांच्याच घरी उतरणार होते. पंधरा मिनिटांनी मंगळवारच्या एका पोराने वीस-पंचवीस यार्डांवरून असा फटका मारला की चेंडू कोपऱ्यातून आत जाणार हे पायरीवरच्या प्रत्येकाला दिसलं. शिवाजी पेठेच्या गोलकीपरने हवेत आडवं होऊन तो बोटांच्या टोकाने बाहेर काढला. मी उभी राहून टाळ्या वाजवल्या.

आमच्या सगळ्या पायऱ्यांवर दुसरी एकही टाळी नव्हती. शेकडो चेहरे माझ्याकडे वळले. तात्यांनी माझा हात हळूच खाली ओढला.

“पावणं,” ते म्हणाले, “टाळी चुकली.”

“पण किती सुंदर अडवला त्याने!”

“सुंदर हाय की. मला दिसलं न्हाय व्हय? घरी जाऊन मनात वाजवायची.”

मागून कुणीतरी ओरडलं, “तात्या, पावणी तिकडची हाय काय? पोचवून येऊ?” सगळे हसले आणि माझं निभावलं.

संध्याकाळी तात्यांच्या घरी मिसळ मागवली होती. आमच्याकडे मिसळीबरोबर पाव येतो, इथे ब्रेडच्या जाड स्लाइस आल्या, आणि वेगळ्या भांड्यात कट (मिसळीवर ओतायचा लाल तिखट रस्सा). मी धीटपणे दुसऱ्यांदा कट घेतला आणि पुढची दहा मिनिटं बोलू शकले नाही. त्या दहा मिनिटांत तात्यांनी पंच कसा आंधळा होता ते सांगून घेतलं.

मग मुली आल्या. त्या जवळच्या शाळेत उतरल्या होत्या, सुनंदा त्यांना तात्यांच्या पाया पडायला घेऊन आली. मालन सगळ्यांत मागे, उंच, हाताचे पंजे मोठे. ती दुपारी सामन्याला आली होती. एवढी माणसं तिने गावच्या जत्रेतही पाहिली नव्हती.

“उद्या एवढी येत्यात काय?” तिने मला विचारलं. “एवढी न्हाईत आली तरी चालतंय. निम्मी आली तरी आबा गप बसतील. मी लई चांगला खेळतो बाई, खरंच.” (इकडच्या मुली ‘खेळते’ म्हणत नाहीत, ‘खेळतो’ म्हणतात. मला ते ऐकायला फार आवडलं.)

मी तात्यांकडे पाहिलं. तात्या ब्रेडकडे पाहत होते.

“तात्या, उद्या तालमीची मुलं येतील ना?”

“तालीम खेळतीया का उद्या?”

“नाही. नेसरी आणि वारणानगर.”

“मग नेसरी येऊ दे की. वारणा येऊ दे.”

“पण फुटबॉल तोच आहे! मैदान तेच!”

“देऊळ तेच असतंय, म्हणून दुसऱ्याच्या लग्नात आपण जेवाय बसत न्हाय,” तात्या म्हणाले. “आन् उद्या रविवार. मटण हाय. वर टीव्हीवर क्रिकेट. कोण उठतंय?”

मुली निघून गेल्या आणि मी कागद मागितला. अर्ध्या तासात पत्रक तयार. ‘कोल्हापूरकर, तुम्ही फुटबॉलवेडे आहात की केवळ पेठवेडे? रविवारी तुमच्या जिल्ह्याच्या लेकी खेळणार आहेत. रिकाम्या पायऱ्या ही तुमची लाज असेल!’ चौकातल्या दुकानातून झेरॉक्स काढल्या आणि दिवेलागणीला सुनंदा आणि मी वाटत सुटलो. मंगळवार पेठेत एका चहाच्या गाड्यावर तरुणांनी ते गंभीरपणे वाचलं आणि एक जण म्हणाला, “ह्ये शिवाजी पेठंनं छापलंय. आपल्याला टोमणा हाय.” आम्ही शिवाजी पेठेत गेलो. तिथे एकाने चष्मा लावून वाचलं आणि निकाल दिला, “मंगळवारवाल्यांचं काम. हारल्यात न्हवं आज!”

घरी तात्यांनी ते मोठ्याने वाचलं. सुनंदाच्या मामींनी तव्यावरची भाकरी उलटायची थांबवून ऐकलं.

“लिवलंयस झ्याक,” तात्या म्हणाले. “पर पोरी, ह्ये वाचून माणूस भांडाय येईल. बघाय न्हाय येणार.”

त्या रात्री मला तात्यांचा राग आला होता, आणि तो पूर्ण गेला असं आजही म्हणणार नाही. पेठ जन्माने मिळते. जन्माने मिळणाऱ्या गोष्टींकडे संशयाने बघायला मला घरातच शिकवलं आहे. आमच्या माणसांना जन्माने काय काय मिळालं, ते आम्हाला ठाऊक आहे. ज्या मुलीला पेठ नाही, जिच्या गावाला तालीम नाही, तिने उत्तम खेळूनही टाळी मिळायची नाही, हा कुठला न्याय?

रविवारी दुपारी स्टेडियमचं दार सताड उघडं होतं आणि आत शिरायला कुणाची रेटारेटी नव्हती. कालच्या शेंगांची टरफलं पायऱ्यांवर तशीच पडली होती. एका टेम्पोत मावतील एवढी माणसं, त्यातले बरेच स्पर्धेचे कार्यकर्ते, जे सावलीत खुर्च्या टाकून आपसांत बोलत होते. कुणाच्यातरी कानाला छोटा रेडिओ होता आणि मधूनच तो शेजाऱ्याला धावसंख्या सांगे.

रिकाम्या स्टेडियममध्ये खेळ ऐकू येतो, हे मला नवं होतं. चेंडूवर बुटाचा थप्प आवाज. मुलींचे श्वास. “दे, दे, मोकळी हाय मी!” आणि प्रत्येक हाकेमागून तिचा समोरच्या भिंतीवरून परत आलेला प्रतिध्वनी. मालनने पहिल्या दहा मिनिटांत तीनदा पायऱ्यांकडे पाहिलं. चौथ्यांदा पाहत असतानाच वारणेच्या एका मुलीने साधासा, घरंगळता फटका मारला. तो मालनच्या हातात आला, हातातून गुडघ्यावर आणि गुडघ्यावरून आत. शून्य-एक. वारणेच्या मुलींच्या आनंदाचाही प्रतिध्वनी आला, आणि त्या स्वतःच दचकल्यासारख्या गप्प झाल्या.

मालनचे वडील सर्वांत वरच्या पायरीवर एकटे बसले होते. स्वच्छ धोतर, गुलाबी फेटा, पायांशी पिशवी. ते मैदानाकडे कमी आणि पायऱ्यांकडे जास्त बघत होते. मध्यंतराला मी त्यांच्यापाशी गेले आणि सुनंदाची मैत्रीण म्हणून ओळख दिली.

“काल हितं माणूस मावत न्हवता म्हणं,” ते म्हणाले.

“हो आबा.”

“मग आज?”

मी सांगितलं. क्रिकेटमध्ये ओतला जाणारा पैसा सांगितला, टीव्ही सांगितला, पोरींच्या खेळाकडे बघण्याची दृष्टी सांगितली, पेठांचा आंधळेपणा सांगितला. चांगलं बोलले मी.

“व्हय,” ते शेवटी म्हणाले. “सगळं खरं हाय, बाई. पर माणसं न्हाईत न्हवं?”

याच वेळी दारातून तात्या आले. डोक्यावर छत्री, मागे मामी आणि शेजारचे दोन म्हातारे. मला बघून त्यांनी छत्री मिटली.

“जेवल्याबिगर हलायचं न्हाय म्हणाली ही,” त्यांनी मामींकडे बोट केलं, “आन् जेवल्यावर हिनंच बसू दिलं न्हाय.”

“पत्रक ऐकलं मी,” मामी म्हणाल्या. “लाज वाटंल असं लिवलंय. मग आलो.”

म्हणजे माझं पत्रक एका माणसाला लागू पडलं होतं.

“चौघंच?” मी म्हणाले.

“थांब की. मी वाट वाकडी करून शिवाजी पेठेतनं आलोय. भाऊच्या दारावरनं. छत्री घेऊन.”

भाऊ म्हणजे शिवाजी पेठेचा जुना बचावपटू. तरुणपणी दर सामन्यात त्यांनी तात्यांच्या पायांत पाय घातला होता. तात्या छत्री फक्त सामन्याला जाताना घेतात, हे भाऊंना ठाऊक. तात्या सामन्याला निघालेत, आणि आपल्याला पत्ता नाही? उत्तरार्ध सुरू होऊन पाच मिनिटं होतात तोच भाऊ आले, पाठीमागे त्यांच्या कट्ट्यावरची सात-आठ माणसं, दोघांच्या तोंडात अजून पान. आल्या आल्या त्यांनी एकच विचारलं, “तात्या कुणाकडनं हाय?”

“नेसरी,” कुणीतरी सांगितलं.

“मग आपण वारणा,” भाऊ म्हणाले, आणि समोरच्या पायऱ्यांवर जाऊन बसले.

एवढंच झालं. पण मैदानाला दोन काठ आले.

“ए तात्या! तुजी गोलकीपर काय पायऱ्या मोजाय आलीया व्हय?” मालन पुन्हा वर बघताच भाऊंचा आवाज मैदान ओलांडून आला. रिकाम्या जागेत तो शंभर जणांचा वाटला.

“तुजी मोजत नसंल, भाऊ, तिच्यापतूर बॉल तरी जातोय व्हय?” तात्या ओरडले आणि मग मालनकडे वळले. “ए उंच पोरी! हात कशाला दिल्यात देवानं? भाकऱ्या थापाय? बॉल बघ, बॉल! पायऱ्या कुठं पळून जात न्हाईत!”

वर मालनचे वडील ताडकन उभे राहिले. “कोण रं त्यो माज्या पोरीला बोलतोय?”

सुनंदा धावत वर गेली. “आबा, ते आपल्याच बाजूचे आहेत.”

“आपल्या बाजूचं? मग समोरच्याला बोलू दे की!”

“समोरच्याला चिडवतात. रागवायचं ते आपल्याच माणसावर.”

आबांनी एकदा समोरच्या पायऱ्यांकडे पाहिलं. मग पिशवी उचलून एकेक पायरी उतरत ते तात्यांच्या शेजारी येऊन बसले. तात्यांनी त्यांच्याकडे न बघता सरकून जागा केली.

कडेने धावायला आलेली दोन-चार पोरं हा आरडाओरडा ऐकून थांबली. बाहेरच्या चहावाल्याने गाडा तसाच सोडून दारातून डोकं आत घातलं. रेडिओवाल्याने रेडिओ खिशात टाकला. गर्दी झाली असं मी म्हणणार नाही. खोटं कशाला लिहू? कालच्या तुलनेत ती मूठभर माणसं होती. पण आता प्रत्येक जण एका बाजूचा होता. वारणेची एक मुलगी बचावफळी भेदून एकटी पुढे आली तेव्हा मी ‘अडव गं!’ म्हणून ओरडले, आणि माझ्या लक्षात आलं की मीही आता फुटबॉलकडून राहिले नव्हते.

“मालन, म्होरं यी! म्होरं!” हा आवाज आबांचा होता.

मालन पुढे आली. तिने पायऱ्यांकडे पाहिलं नाही. ती त्या मुलीच्या पायांत आडवी झाली, धूळ उडाली, आणि धुळीतून उठली तेव्हा चेंडू तिच्या छातीशी होता.

आमच्या पायऱ्या नाचल्या. समोर भाऊ जागचे हलले नाहीत. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने मात्र मान किंचित डोलावली आणि पान थुंकायला तोंड फिरवलं. घरी जाऊन तो मनात टाळी वाजवणार होता.

नेसरी हरली. तो एक गोल फिटला नाही. शिट्टी झाल्यावर वारणेच्या मुली भाऊंच्या पाया पडायला धावल्या, आणि भाऊ असे उभे राहिले, जणू त्यांनीच हा संघ वर्षभर घडवला.

मालन तात्यांपाशी आली नाही. ती सरळ वडिलांसमोर उभी राहिली, कोपर सोललेलं, डोळे खाली.

“माणसं आली न्हाईत, आबा,” ती म्हणाली.

आबांनी पिशवीतून तांब्या काढला. त्यात घरचं ताक होतं. “आदी पी.”

ती प्यायली. आबा रिकाम्या पायऱ्यांकडे बघत होते.

“मी सकाळी निघालो,” ते म्हणाले. “तुजी आय येतो म्हणत हुती. म्हणलं, तुजं काय काम? चुलता ट्रॉली काढू का म्हणाला. म्हणलं, कशाला? आन् हितं येऊन म्या इचारतोय, माणसं कुठं हाईत.” त्यांनी फेटा काढून गुडघ्यावर ठेवला. “माझी माणसं म्याच घरात ठिवून आलोय.”

तात्यांनी सरकून मालनलाही जागा केली.

“म्होरल्या वर्साला ट्रॉली भरून आणतो,” आबा म्हणाले. “त्यो समोरचा भाऊ काय आणतोय त्ये बघू.”

“आन् तवर?” मालनने विचारलं.

“तवर खेळ की! मी काय बंद कर म्हणलोतो व्हय?”

“म्हणलावता.”

“म्हणलोतो तर म्हणलोतो. चल आता, गाडी चुकंल.”

मालनचं हसू ताकाने पांढऱ्या झालेल्या ओठांतून फुटलं. सुनंदा पाठ फिरवून जाळ्यांच्या गाठी सोडत बसली. त्या गाठी सोडायला तिला फार वेळ लागला.

मी सोमवारी सकाळच्या गाडीने परतले. मामींनी भाकरीबरोबर सुकं मटण बांधून दिलं होतं. शेजारच्या सीटवरच्या बाईंनी वासाने ओळखलं आणि हक्काने अर्धं मागितलं. उसाच्या ट्रॉल्या तशाच पुढे चालत होत्या. मी वहीत नव्या लेखाचा आराखडा मांडायला घेतला आणि पहिल्याच ओळीत अडले.

लोक फुटबॉल बघायला येत नाहीत, हे मी आजवर रागाने लिहीत होते. क्रिकेटबद्दलचा, पैशाबद्दलचा, पोरींच्या वाट्याला येणाऱ्या उपेक्षेबद्दलचा माझा एकही शब्द मी मागे घेत नाही. आणि पेठेवाचून टाळी नाही, हा नियम मला आजही मान्य नाही. पण शनिवारची हजारो माणसं जन्माच्या बाजूने ओरडत होती, आणि रविवारच्या त्या मूठभर म्हाताऱ्यांनी कधी न पाहिलेल्या गावांच्या पोरी पाच मिनिटांत आपल्या करून टाकल्या. कारण काहीही असो. छत्री असो, खुन्नस असो, मामींना वाटलेली लाज असो. बाजू जन्माने मिळते तशी ती उठून घेताही येते, हे मला कुठल्या पत्रकात वाचायला मिळालं नव्हतं.

म्हणून वाचकहो, या वेळी मी तुम्हाला लाज वाटून घ्या असं म्हणत नाही. एवढंच करा. येत्या सुट्टीच्या दिवशी तुमच्या जवळच्या मैदानावर सामना कुणाचा आहे ते विचारा. मुलींचा असेल तर तिकडे आधी जा. पोचलात की दोघांतला एक संघ आपला म्हणा, कारण न शोधता, आणि शेवटच्या शिट्टीपर्यंत त्याचेच राहा. आणि कृपा करून एकटे जाऊ नका. घरातून जी व्यक्ती ‘मी येते’ म्हणेल, तिला सोबत घेऊन जा.